पाणी शिरते कोठून?

मुकुटबनपासून समुद्र दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर दूर आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला राहणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी शिडाची नाव चित्रातच पाहिलेली असते. तरीही त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. भर समुद्रात नावेच्या तळाशी रोज पाणी साठते आहे, भोक मात्र कोठेच दिसत नाही. ते कसे शोधाल?

'जिथे पाणी साठले तिथेच भोक असणार,' असे उत्तर बहुधा येते. पण घरातील अनुभव काय सांगतो? कौल फुटलेले असते एकीकडे, पाणी वाशावरून ओघळत जाते आणि ठिबकते भलतीकडेच. नावेतही पाणी कोठूनही शिरले तरी उताराने सर्वांत खोल भागात जाते. साठलेल्या पाण्यावरून गळती आहे एवढेच कळते, तिची जागा कळत नाही. ती जागा तर्काने शोधावी लागते.

पाणी कोणते?

नावेत पाणी येण्याच्या वाटा अनेक असतात. समुद्राचे पाणी तळातून शिरेल, पावसाचे वरच्या फटींतून येईल, पिण्याच्या पाण्याची टाकी झिरपेल किंवा थंड भिंतींवर बाष्प जमून थेंब ओघळतील. म्हणून पहिला प्रश्न, पाणी खारे की गोडे? गोडे निघाले, तर तळ तपासण्यात वेळ घालवायला नको.

खलाशी चव घेऊन पाहतात. वर्गात अनोळखी पाण्याची चव घेऊ नये, ते आटवून पाहावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे मोठा चमचाभर, १५ मिलिलिटर पाणी आटवले तर अर्धा ग्रॅम क्षार उरतो. मुकुटबनच्या परिसरात मात्र एक गंमत आहे. हा चुनखडीचा प्रदेश, आणि अशा भागातील विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन असते. ते आटवले तरी पांढरा थर उरतो. मग फरक कसा ओळखायचा? उरलेल्या थरावर साधे पाणी घाला. मीठ विरघळेल, चुन्याचा थर तसाच राहील. त्यावर लिंबाचा रस टाकला तर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतील. पांढरे दिसते ते सगळे मीठ नसते, हेही विद्यार्थी यातून शिकतील.

किती आणि केव्हा?

दुसरे काम मोजण्याचे. पूर्वी लग्नघरी मुहूर्ताची वेळ मोजण्यासाठी घटिकापात्र वापरीत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. घटिकापात्र म्हणजे मुद्दाम गळकी केलेली नावच! गळती नियमाने चालते, म्हणूनच तिच्यावर वेळ मोजता येते.

तो नियम असा : पाण्याच्या पातळीखाली h खोलीवरील भोकातून पाणी √२gh या वेगाने येऊ पाहते. खोली १ मीटर असेल, तर हा वेग सेकंदाला ४.४ मीटर होतो. भोक अवघे १ चौरस सेंटिमीटर धरले आणि भोकाशी धार आकसते हे लक्षात घेऊन हिशेबाचा सहा-दशांश भाग घेतला, तरी मिनिटाला सुमारे १६ लिटर, म्हणजे जवळजवळ बादलीभर पाणी आत येते. म्हणून रोज किती पाणी उपसले याची नोंद ठेवावी लागते.

पण नुसते 'किती' पुरत नाही, 'केव्हा' हेही पाहावे लागते. नाव उजवीकडे कलली की गळती वाढते आणि डावीकडे कलली की थांबते, असे असेल तर भोक उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेजवळ असले पाहिजे. इंजिन चालू असतानाच पाणी येत असेल, तर पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तेथे संशय घ्यावा. लाटांत गळती वाढत असेल, तर बहुधा एखादा सांधा हलतो आहे. मात्र एका वेळी एकच परिस्थिती बदलली पाहिजे. प्रयोगशाळेत आपण हेच करतो.

मुंबईची 'सुहेली'

याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईत जन्मलेल्या नावेचे आहे. 'सुहेली' ही सुमारे ३२ फुटांची सागवानी नाव १९६३-६४ मध्ये मुंबईच्या सुतारांनी बहुतांशी हातांच्या हत्यारांनी बांधली. १४ जून १९६८ रोजी तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधील फालमथ बंदरातून कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. शर्यतीत नऊ जण होते.

पहिल्या काही आठवड्यांतच तळाशी नेहमीपेक्षा जास्त पाणी साठू लागले. पुढे दक्षिण महासागराच्या प्रचंड लाटा होत्या. परत फिरायचे की पुढे जायचे, हे गळती कोठे आहे यावर अवलंबून होते. अटलांटिक महासागरात केप व्हर्डे बेटांच्या परिसरात वारा पडला तेव्हा त्याने पाण्यात उडी मारून तळ पाहिला. तळाचे कण्यासारखे जाड लाकूड आणि फळ्या यांमधील फट दोन्ही बाजूंना सुमारे आठ आठ फूट मोकळी झाली होती, आणि नाव डुलताना ती उघडत-मिटत होती.

अशा फटी कापूस ठासून बुजवतात. कापसाच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना हे ऐकून मौज वाटेल. फळ्याही पाणी पिऊन फुगतात आणि फट आवळली जाते. उन्हाळ्यात सैल झालेली बंडीची लाकडी चाके पूर्वी पाण्यात ठेवीत, ती याच कारणाने. परंतु पाण्याखाली, हलत्या फटीत नुसता कापूस टिकेना. तेव्हा त्याने कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, पट्टीला डांबर माखले, ती फटीवर तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि वर तांब्याचा पातळ पत्रा बसवला. हे सर्व श्वास रोखून, पुन्हा पुन्हा बुडी मारून केले. अंगाचा गोरेपणा शार्क माशांच्या नजरेत भरू नये म्हणून त्याने गडद कपडे घातले होते. तरी एक शार्क घिरट्या घालू लागलाच. त्याला बंदुकीने मारावे लागले.

पट्टी बाहेरून का? आतून लावली असती तर पाण्याच्या दाबाने ती सुटली असती. बाहेरून लावल्यावर तोच दाब तिला नावेवर घट्ट दाबून धरतो. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी 'सुहेली' फालमथला परतली. शर्यत पूर्ण करणारी ती एकटीच नाव.

शाळेत करून पाहा

शाळेची टाकी रात्रीतून उतरते का? सायंकाळी सर्व नळ बंद करून पातळीवर खूण करा आणि सकाळी पुन्हा पाहा. टाकी १ मीटर लांब, १ मीटर रुंद असेल आणि पातळी २ सेंटिमीटर उतरली असेल, तर २० लिटर पाणी गेले. आता टाकीचा मुख्य कॉक बंद करून हेच दुसऱ्या रात्री करा. पातळी उतरली नाही तर दोष पुढच्या नळात आहे, उतरली तर टाकीत. टाकीत असल्यास एक-दोन दिवस पाणी न भरता पातळी पाहत राहा. ती ज्या उंचीवर येऊन थांबेल, त्याच उंचीवर चीर शोधा. नाव एका अंगावर कलवल्यावर गळती थांबते, त्यामागेही हेच कारण आहे.

मुकुटबनच्या उन्हाळ्यात वीस लिटर पाण्याची किंमत विद्यार्थ्यांना वेगळी सांगावी लागणार नाही. गवंड्याला बोलावण्यापूर्वी चीर कोठे आहे हे त्यांनीच वहीतील नोंदींवरून सांगितले, तर विज्ञानाचा तो तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.