मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया व पुनर्वसन

मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया म्हणजे ओठ, जीभ, गालाची आतील बाजू, हिरड्या, टाळू किंवा जिभेखालचा भाग येथे वाढलेली कर्करोगाची गाठ भोवतालच्या निरोगी ऊतींच्या काठासह काढून टाकण्याची क्रिया होय. या रोगावरील हा प्रमुख उपचार आहे. तथापि, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला खाणे, गिळणे व बोलणे पुन्हा शिकावे लागते आणि अनेकांना पुढे किरणोपचारही घ्यावे लागतात. म्हणून शस्त्रक्रिया हा उपचाराचा पूर्वार्ध समजणे योग्य.

तंबाखू-चुना, मावा, गुटखा व मिश्री ही या रोगाची महाराष्ट्रातील परिचित कारणे आहेत. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगजनक आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

उपचारकेंद्रे

मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले. मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या सीमेवरील गावांना, उदाहरणार्थ जामखेड तालुक्यातील खर्ड्याला, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय तुलनेने जवळ पडते. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी १९८७ मध्ये बार्शी येथे कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील ही पहिली ग्रामीण नोंदणी होय. रुग्ण आपणहून रुग्णालयात येत नाहीत, हे ओळखून तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना लक्षणे समजावून सांगत.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

प्रथम गाठीचा लहानसा तुकडा तपासून निदान पक्के केले जाते. रोग जबड्याच्या हाडापर्यंत किंवा मानेतील लसीका गाठींपर्यंत पोहोचला आहे काय, हे सीटी स्कॅन वा एमआरआयने पाहतात. शल्यचिकित्सक गाठीभोवती साधारण १ सेंटिमीटर निरोगी भाग राखून छेद घेतो. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो आणि त्याच्या कडा रोगमुक्त आहेत की नाहीत, यावर पुढील उपचार ठरतात. हा अहवाल रुग्णाने जन्मभर जपून ठेवावा, इतका तो महत्त्वाचा असतो.

मानेत हाताला गाठ लागत नसताना तेथील लसीका गाठी काढाव्यात काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. टाटा स्मारक रुग्णालयात २००४ ते २०१४ या काळात आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांवर याविषयी चाचणी झाली. एका गटात या गाठी मूळ शस्त्रक्रियेसोबतच काढल्या, दुसऱ्या गटात त्या रोग दिसू लागल्यावर काढल्या. ५०० रुग्णांच्या विश्लेषणात ३ वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, तर दुसऱ्या गटात ६७.५ टक्के आढळले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने पहिल्या पद्धतीला बळकट आधार दिला.

मोठा भाग काढल्यास त्याची पुनर्रचना करावी लागते. छातीवरील स्नायू व त्वचा रक्तवाहिनीसह वर वळवून गालात बसवितात किंवा पायाच्या नडगीशेजारील बारीक हाड घेऊन जबडा घडवितात. छातीवरील त्वचा वापरलेल्या पुरुषांच्या तोंडात पुढे केस उगवू शकतात. ते पाहून रुग्ण घाबरतो, परंतु तो रोग नव्हे.

पहिले काही आठवडे

जखम भरेपर्यंत नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे अन्न देतात. दूध, डाळीचे पाणी, नाचणीची पातळ पेज असे पदार्थ फडक्यातून गाळून, रुग्णाला बसते करून, सावकाश द्यावेत व नंतर नळीत स्वच्छ पाणी सोडावे. नाहीतर नळी तुंबते. काहींच्या गळ्याला श्वासासाठी तात्पुरते छिद्र केलेले असते. तेवढ्या काळात रुग्णाला बोलता येत नाही, म्हणून पाटी-पेन्सिल जवळ असावी.

किरणोपचार

रोग वाढलेला असल्यास किंवा मानेच्या गाठींत आढळल्यास शस्त्रक्रियेनंतर शक्यतो ६ आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हावे लागतात. ते सामान्यतः आठवड्यातून ५ दिवस, सुमारे ६ आठवडे चालतात. जखम भरलेली असते, गाठ दिसत नाही, शेतीची कामे खोळंबलेली असतात. ‘काढून टाकले, आता काय उरले?’ असे म्हणून रुग्ण नेमका याच टप्प्यावर घरी थांबण्याचा धोका असतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या उरलेल्या पेशींसाठीच हे उपचार असतात. शहरात दीड महिना राहण्याचा खर्च ही खरी अडचण आहे. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व किरणोपचार समाविष्ट आहेत.

किडलेले दात किरणोपचारापूर्वीच काढतात. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात नंतर काढल्यास जखम न भरता हाड मृत होऊ शकते. म्हणून गावातील दंतवैद्याला पूर्वीच्या उपचारांची माहिती दिल्याशिवाय दात काढून घेऊ नये.

पुनर्वसन

शस्त्रक्रिया व किरणोपचार यांमुळे तोंड उघडणे कमी होते. सुपारीने आधीच आखडलेल्या तोंडात ही अडचण अधिक असते. निरोगी माणसाच्या तोंडात साधारणतः त्याची स्वतःची ३ बोटे उभी मावतात. व्यायामासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरतात व काड्यांची संख्या हळूहळू वाढवितात. हा व्यायाम दिवसातून अनेकदा आणि कित्येक महिने करावा लागतो. मानेतील शस्त्रक्रियेत खांद्याच्या मज्जातंतूवर ताण आल्यास हात डोक्यावर नेणे जड जाते. ओझे उचलणाऱ्या शेतमजुराला याचा विशेष त्रास होतो; त्यावरही भौतिकोपचार आहेत. वाचाउपचारतज्ज्ञ उच्चार व गिळणे शिकवितात. चेहरा बदलल्यामुळे लग्नकार्यास वा चारचौघांत जाणे टाळणाऱ्या रुग्णास घरच्यांचा धीर लागतो.

पाठपुरावा

रोग उलटण्याची शक्यता पहिल्या २ वर्षांत सर्वाधिक असते. पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर २ ते ६ महिन्यांनी तपासणी केली जाते. पुढे हे अंतर वाढत जाते. तोंडातील सर्वच अस्तराचा तंबाखूशी संपर्क आलेला असल्याने दुसऱ्या जागी नवा कर्करोगही उद्भवू शकतो. व्यसन चालू राहिल्यास हा धोका वाढतो. २ ते ३ आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतील नवी गाठ, कानात उठणारी कळ अथवा गिळताना वाढता त्रास यांपैकी काहीही आढळल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे.