दगडावरचे हस्ताक्षर

जुन्या शहरातून हिंडताना चित्रकार इमारतीत नेमके काय पाहतो? इंग्रज चित्रकार व कलासमीक्षक जॉन रस्किन १८४९ च्या अखेरीस व्हेनिसला गेला, तेव्हा तो धुळीने माखून खांबांवर चढे, मापे घेई, नक्षी रेखाटी. तेथील अधिपतीच्या राजवाड्यातील खालच्या ओळीच्या ३६ स्तंभशीर्षांचे त्याने एकेक करून वर्णन केले. या भ्रमंतीतून ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ (१८५१-५३) सिद्ध झाला.

गॉथिक नक्षीतला ओबडधोबडपणा त्याला दोष वाटला नाही. कारागिराला स्वतः विचार करण्याची मोकळीक होती, याचीच ती खूण होय, असे तो म्हणतो. म्हणूनच जुन्या भिंती तासून नव्या करण्यास त्याचा विरोध होता. दगडाचा वरचा थर गेला की कारागिराचा हातही पुसला जातो.

माझे वडील पाथरवट. त्यांना अक्षरओळख नाही. परंतु गावच्या घाटावरचा आपण घडवलेला दगड ते छिन्नीच्या रेघांवरून ओळखतात. रस्किन वाचल्यावर मला कळले, ते त्यांचे हस्ताक्षरच आहे. आता त्या घाटावर गुळगुळीत फरशी बसवायचे चालले आहे. मित्रहो, तुमच्या गावीही असे दगड असतील. ते झाकले जाण्यापूर्वी एकदा हात फिरवून वाचून घ्या.