कमजोर बाजूची पाळी आधी

(नभोवाणी भाषणाचं संपादित रूप)

'तालीम' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. 'वस्ताद' म्हणजे फारसीतला उस्ताद, शिकवणारा. पैलवान, जोर, खुराक हे शब्दही फारसीतून आले आणि मराठी मातीत असे मिसळले, की कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत घुमणाऱ्या पोराला ते कधी परके वाटले नाहीत. मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून मला यात एक गंमत दिसते. अंग कमावण्याच्या जागेला आपल्या लोकांनी शिक्षणाचं नाव दिलं. म्हणजे ताकद ही नुसती देवाघरून आणायची गोष्ट नाही, ती शिकायची गोष्ट आहे. आणि शिक्षण म्हटलं, की हुशार पोराची काळजी कमी आणि कच्च्या पोराची जास्त करावी लागते. शरीराच्या शाळेतही नियम तोच आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी स्नायू वाढतो म्हणजे काय होतं ते पाहू. आपला प्रत्येक स्नायू हजारो बारीक तंतूंचा बनलेला असतो. सुंभाच्या दोरखंडात जशा दोऱ्या असतात, तशी त्याची रचना. व्यायामानं या तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. आहेत तेच तंतू जाड होतात. सवयीपेक्षा जास्त ताण पडला, की स्नायूच्या पेशींना निरोप जातो, की हे काम पुन्हा येणार आहे, तयारीत राहा. मग पुढचा एक-दोन दिवस तिथे प्रथिनांची बांधणी जोरात चालते. म्हणजे स्नायू व्यायाम करताना वाढत नाही. व्यायामानंतर, विश्रांतीत, झोपेत आणि जेवणातून वाढतो. रोज त्याच अवयवाला पिळून काढणाऱ्या उत्साही मंडळींनी हे लक्षात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट अशी, की पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतेक स्नायूची नसतेच. ती मज्जातंतूंची असते. स्नायू तोच, पण मेंदू त्यातले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. म्हणून महिनाभर व्यायाम करूनही दंड जाड दिसला नाही, तरी पाण्याची कळशी हलकी वाटू लागते. आरसा काही दाखवत नाही म्हणून व्यायाम सोडणारा माणूस नेमका चुकीच्या वेळी सोडतो. ताकद आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी साऱ्या देशाला दाखवलं. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीचं ब्राँझपदक आणलं, ते ५७ किलो वजनाच्या गटात.

ताकद वाढवण्याचा मूळ नियम फार जुना आहे. प्राचीन ग्रीसमध्ये मायलो नावाचा मल्ल होऊन गेला. त्याच्याबद्दल अशी दंतकथा सांगतात, की त्यानं एक वासरू रोज खांद्यावर घेतलं. वासरू वाढत गेलं, तशी याची ताकद वाढत गेली. शेवटी बैल झाला तरी तो उचलतच होता. गोष्ट खरी असो वा नसो, तत्त्व खरं आहे. भार थोडा थोडा वाढवत न्यायचा. आपल्या तालमींतही नवख्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर मारायला कुणी लावत नाही. दहा जोर, वीस बैठका, मग आठवड्याला थोडी भर. जड मुद्गल, गळ्यात अडकवायचा दगडी गर, दोरावरची चढण, फावड्यानं हौद्यातली माती उकरणं हे सगळं नंतर. भार वाढला नाही तर शरीर आहे तिथेच थांबतं. एकदम वाढला तर सांधा दुखावतो. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे व्यायाम.

आता कमजोर बाजूकडे वळू. शरीराचा एक स्वभाव आहे. समोर काम आलं, की ते पार पाडायचं, कुणी पाडलं याचा हिशेब ठेवायचा नाही. उजवा हात बळकट असेल तर पिशवी उजव्या हातात जाते. डावा गुडघा दुखावला असेल तर जिना उजव्या पायावर चढला जातो. पाठीचे स्नायू ढिले असतील तर ओझं कंबर सोसते. काम होतं, आणि आपल्याला कळतही नाही. पण ज्याला काम मिळत नाही तो स्नायू वाळतो. वाळला म्हणून त्याला आणखी कमी काम मिळतं, आणि त्यामुळे तो आणखी वाळतो. सहा आठवडे प्लास्टरमध्ये असलेला पाय बाहेर आल्यावर कसा काडीसारखा दिसतो, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. त्याच प्रकारची हानी, अगदी सावकाश, बिनप्लास्टरची, कित्येकांच्या शरीरात चालू असते.

तरुण मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं, आरसा. जिममध्ये आरसा समोर असतो, म्हणून छाती आणि दंड यांची सेवा होते. पाठ आणि मांड्या आरशात नीट दिसत नाहीत, म्हणून त्या उपाशी राहतात. मग वर घडा आणि खाली दोन काठ्या असं शरीर तयार होतं. खांदे पुढे झुकतात, पाठ भरून येते. मुशायऱ्यात टाळ्या घेणारा शेर शायर पुन्हा पुन्हा म्हणतो आणि कच्चा शेर दडवून ठेवतो. पण गझल पुस्तकात छापली गेली, की कच्चा शेर उघडा पडतोच. शरीराचा कच्चा भाग चाळिशीनंतर असाच उघडा पडतो.

यावरचा शास्त्रशुद्ध उपाय एका लष्करी इस्पितळात आकाराला आला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले अमेरिकन सैनिक शिकागोच्या इस्पितळात महिनोन् महिने पडून असत. गुडघ्याची जखम भरायची, पण मांडीचा स्नायू वाळलेला असायचा. त्या काळचे बहुतेक डॉक्टर अशा पायाला हलकीशी हालचाल खूप वेळा करायला सांगत. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरला हे पटेना. त्यानं स्वतः लहानपणीच्या मोठ्या आजारपणानंतर वजनं उचलून अंग सावरलं होतं. त्यानं उलट केलं. दुबळ्या पायालाच वजन बांधलं, थोड्या वेळा पण कष्टानं उचलायला लावलं, आणि आठवड्या-आठवड्याला वजन वाढवलं. सैनिक भराभर चालू लागले. १९४५ साली त्यानं ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ती दहा-दहा वेळांच्या तीन फेऱ्या अशी सुटसुटीत झाली. आज गल्लीतल्या जिममधला मुलगा 'दहाचे तीन सेट मार' म्हणतो, तेव्हा तो नकळत या डॉक्टरचाच पाठ म्हणत असतो.

हीच पद्धत मी आमच्या घरात पाहिली. माझी खाला, वय सत्तरीच्या आसपास, ओट्यावरून पडली आणि उजव्या गुडघ्याची वाटी मोडली. प्लास्टर निघालं तरी तिला जमिनीवरून उठता येईना. सजद्यात गेली तर वर यायला दोन माणसं लागत. तिनं खुर्चीवर नमाज सुरू केली, मग जमिनीवर बसणंच सोडलं, मग शेजारी जाणंही कमी झालं. आम्ही एका फिजिओथेरपिस्ट मुलीला घरी बोलावलं. तिनं पहिल्या दिवशी फक्त गुंडाळलेला टॉवेल त्या गुडघ्याखाली ठेवला आणि म्हणाली, "खाला, हा टॉवेल खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा." खाला वैतागली. "अगं, चांगल्या पायाकडून करून घे की व्यायाम. ह्या बिचाऱ्याला कशाला छळतेस?" मुलगी हसून म्हणाली, "तुमचा चांगला पाय सगळं काम एकटाच करतो, म्हणून तर हा बसून राहिलाय." दुसऱ्या आठवड्यात आडवं पडून पाय सरळ उचलणं आलं. मग खुर्चीत बसून घोट्याला वाळूची पिशवी बांधणं आलं. पिशवी खालानं स्वतः शिवली. आधी अर्धा किलोची, नंतर एक, नंतर दीड. तिसऱ्या महिन्यात ती एका हाताचा आधार घेऊन जमिनीवरून उठली. त्या दिवसापासून तिची जानमाज पुन्हा जमिनीवर आली.

त्या मुलीनं जे केलं त्यात सगळे नियम आले. कमजोर भागाचा व्यायाम सुरुवातीला करावा, कारण तेव्हा अंगात उमेद असते. दमल्यावर शरीर पुन्हा बळकट भागाकडे काम ढकलतं. दोन हात किंवा दोन पाय यांच्यात फरक असेल, तर एका वेळी एकाच बाजूचा व्यायाम करावा आणि सुरुवात दुबळ्या बाजूनं करावी. दुबळ्या बाजूनं आठ वेळा वजन उचललं, तर बळकट बाजूनंही आठच वेळा उचलावं, म्हणजे अंतर वाढत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. मध्ये एक दिवस विश्रांती. शेवटच्या दोन-तीन वेळा उचलताना कष्ट पडले पाहिजेत, पण हिसका बसता कामा नये. ठरलेली संख्या सहज होऊ लागली, की थोडं वजन वाढवावं. आणि श्वास कोंडू नये. उचलताना सोडावा, खाली आणताना घ्यावा. श्वास कोंडून जड वजन उचललं, तर रक्तदाब एकदम चढतो.

एक गैरसमजही दूर करू. पोटाचे व्यायाम केले म्हणून नेमकी पोटावरचीच चरबी उतरते असं नाही. व्यायामानं स्नायू नेमका निवडता येतो, चरबी मात्र शरीर आपल्या मर्जीनं उतरवतं. दंडाचा व्यायाम केला तर दंड बळकट होईल, पण पोट कमी करायचं असेल तर ताट आणि चालणं या दोन्हींकडे पाहावं लागेल.

आता माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या मंडळींसाठी थोडं. मशिदीत मागच्या रांगेत खुर्च्या वाढत चालल्या आहेत, आणि कीर्तनाच्या मंडपातही. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायूंचा काही टक्के भाग हळूहळू कमी होत जातो, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूपेक्षाही लवकर ओसरते. म्हातारपणी माणूस पडतो, खुबा मोडतो, अंथरूण धरतो, त्यामागे हाडांइतकाच मांड्यांचा दुबळेपणा असतो. पण हे सगळं अटळ नाही. १९९० साली अमेरिकेत बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनी व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरीनं १७४ टक्के वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. नव्वदाव्या वर्षीही स्नायू शिकायला तयार असतो, हे त्यातून सिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आणि वृद्धांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. नुसतं सकाळचं फिरणं चांगलंच, पण त्यानं हे काम भागत नाही.

स्त्रियांनी तर याकडे जास्त लक्ष द्यावं. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ होऊ लागतात, आणि स्नायूंचा ताण हाडांनाही टिकवून धरतो. वजन उचललं तर पुरुषी शरीर होईल ही भीती निराधार आहे. तेवढा स्नायू घडवणारं संप्रेरक स्त्रियांच्या शरीरात फार थोडं असतं.

खुराकाशिवाय तालीम पुरी होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, एक वाटी घट्ट वरणात जवळपास तितकीच. व्यायाम करणाऱ्यांना आणि वृद्धांना थोडी जास्त लागतात. डाळ, शेंगदाणे, दूध, दही, अंडी, मासे, ज्याला जे चालतं ते. महागडे डबे लागतातच असं नाही. आणि झटपट अंग फुगवणारी इंजेक्शनं आणि गोळ्या यांपासून मुलांना दूर ठेवा. त्यांची किंमत हृदय आणि यकृत यांना मोजावी लागते. मधुमेह, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधीही विचारावं.

हे सगळं सुरू करायला जिमची पावती लागत नाही. आज दुपारी घरातली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घ्या आणि आधार न घेता उठून पाहा. जमलं तर सावकाश बसा आणि पुन्हा उठा. दहा वेळा झालं, की एक पाय किंचित पुढे ठेवून मागच्या पायावर भार घ्या आणि उठा. मग पाय बदला. कुठला पाय कुरकुरतो ते तुमचं तुम्हालाच कळेल. उद्यापासून पहिली पाळी त्याची.