दिमोना येथील मराठी वारसा

स्थलांतरित समाजाची भाषा नव्या भूमीत मागे सरली, म्हणजे त्या समाजाची ओळख कशाच्या आधारे टिकते, हा समाजभाषाशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न होय. मराठीपुरता विचार करता, इस्राएलमधील नेगेव वाळवंटातील दिमोना हे १९५५ साली वसविलेले लहानसे नगर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून व मुंबईतून गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांची तेथे मोठी वस्ती आहे.

कोकणात हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी व शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून त्यास 'शनवार तेली' असे नाव पडले. धर्म यहुदी, पण बोली मराठी, अशी त्याची स्थिती होती. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही आडनावे गावांवरून आली. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे 'सामाजी हसाजी' या नावाने ओळखले जात. परकीय नामे मराठी प्रत्ययांत किती सहज मुरली, याचा हा उत्तम दाखला होय.

इस्राएलमध्ये मात्र याच मराठीपणामुळे त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेण्यात आली. विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी, असा दंडक तेथील धर्मपीठाने १९६२ साली घातला. त्याविरुद्ध समाजाने आंदोलन केले आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हणून मान्यता दिली. पुढील काळात मराठीपण उघडपणे मिरविता येऊ लागले, त्यामागे हा संघर्ष आहे.

तथापि शाळा, सैन्य व बाजार ही क्षेत्रे हिब्रूने व्यापली असल्यामुळे तरुण पिढीची व्यवहारभाषा हिब्रूच झाली आहे. मराठी उरते ती मुख्यत्वे वृद्धांच्या संभाषणात, स्वयंपाकघरात आणि विधींत. मंगलप्रसंगी प्रेषित एलियाहूच्या स्मरणार्थ पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा 'मलिदा' केला जातो. तो शब्द आणि तो विधी नातवंडांपर्यंत पोहोचला आहे. १ मे हा महाराष्ट्र दिनही इस्राएलमधील मराठी यहुद्यांनी साजरा केला आहे.

सारांश, भाषेचा ऱ्हास एकदम होत नाही. एकेक व्यवहारक्षेत्र तिच्या हातून जाते. उत्सव वारशाची आठवण राखतो, परंतु भाषा राखण्यास नित्याचे संभाषणच लागते. हा भेद ध्यानी न घेतल्यास उत्सवाच्या थाटावरून भाषेच्या स्वास्थ्याचा चुकीचा अंदाज बांधला जाईल.