आधी मोजा, मग फवारा!

बुऱ्हाणपूर म्हटले की केळी आठवते. पण कोरडवाहू शेतकऱ्याची दिवाळी आजही कपाशीवर ठरते. मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुले अशाच घरची. फी भरायची वेळ आली की गुलाबी बोंडअळीचा विषय निघतोच!

भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पण हळूहळू गुलाबी अळी त्यालाही सरावली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने कपाशीची धूळधाण केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आणि अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

मग करायचे काय? एकात्मिक कीड व्यवस्थापन. नाव जड, गोष्ट साधी. एकरी दोन कामगंध सापळे लावा. डोमकळ्या तोडून नष्ट करा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा वीस हिरव्या बोंडांपैकी दोनांत जिवंत अळी सापडली, तरच औषधाची बाटली उघडा. डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाट्या नष्ट करा. फरदडीचा मोह नको.

उत्पन्न घटेल, ही भीती खरी आहे. म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचे उदाहरण पाहा. तिथेही कापूसच नगदी पीक. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिथे शेतीशाळा चालवल्या. शेतकरी शेतातच जमायचे, किडी आणि मित्रकीटक मोजायचे, फवारणीचा निर्णय स्वतः घ्यायचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ब्ला भागात कापसावरील कीटकनाशकांचा वापर सुमारे ९२ टक्क्यांनी घटला, पण उत्पन्न घटले नाही!

आपल्याकडे मात्र कोणते औषध मारायचे, हे बहुधा दुकानदार सांगतो. उधारीही त्याचीच. हा निर्णय शेतकऱ्याच्या हाती यायला हवा.

वाचकहो, एकट्याने हे साधणार नाही. पतंगाला शेजारच्या शेताचा बांध कळत नाही, आणि रावेरकडची राज्याची हद्दही कळत नाही. गावाने मिळून शेतीशाळा भरवावी. कापूस वेचणाऱ्या आयाबहिणींना त्यात आधी बसवावे, कारण किडके बोंड त्यांच्याच हाती पहिल्यांदा लागते. हिशेब लिहायला कॉलेजातली पोरे आहेतच.