तीन कोटी येन आणि जुनी हत्यारं : एका बूटवाल्याचा सिनेमा



मागच्या व्हिडिओत मी 'हाय अँड लो' या जपानी सिनेमाचं नाव घेतलं आणि वेळ संपली म्हणून विषय अर्धवट सोडला. आज तो पूर्ण करतो. सिनेमा १९६३ चा, ब्लॅक अँड व्हाइट, दिग्दर्शक अकिरा कुरोसावा. मूळ जपानी नावाचा अर्थ 'स्वर्ग आणि नरक'. शेवटही सांगणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून या.

माझं चपला-बुटांचं दुकान आहे. बुटांच्या कंपनीची गोष्ट आहे एवढं ऐकूनच मी तो लावला होता.

सुरुवातच बुटाने होते

योकोहामात टेकडीवर एक मोठं घर आहे. तिथे गोंदो राहतो, 'नॅशनल शूज' कंपनीचा डायरेक्टर. भूमिका तोशिरो मिफुनेची. बाकीचे डायरेक्टर त्याच्याकडे नव्या बुटाचं सँपल घेऊन येतात. दिसायला सुंदर, बनवायला स्वस्त, टिकायला शून्य. गोंदो तो बूट हातात घेतो आणि सगळ्यांसमोर फाडून टाकतो. त्याचं म्हणणं साधं आहे: टोपी ही शोभेची वस्तू, पण बूट अख्ख्या माणसाचं वजन पेलतो.

पण गोंदो म्हणजे संत नव्हे. घरदार गहाण टाकून तो गुपचूप शेअर्स जमवतोय, कंपनी ताब्यात घेण्यासाठी. पाच कोटी येनचा चेक ओसाकाला पाठवायचा, की काम फत्ते.

हिशोब कुठे बदलतो

तेवढ्यात फोन येतो. तुझ्या मुलाला पळवलंय, तीन कोटी येन दे. गोंदो क्षणाचाही विचार न करता तयार होतो. कितीही मागा, देतो.

मग त्याचा मुलगा खेळता खेळता घरात येतो. पळवलेला पोरगा ड्रायव्हरचा निघतो. गुन्हेगार म्हणतो, चूक झाली असेल, पण पैसे तूच द्यायचे.

आता गोंदो नाही म्हणतो. रक्कम तीच, पोराचं वयही साधारण तेच. फक्त पोरगा दुसऱ्याचा. ड्रायव्हर पाया पडतो, बायको विनवते, पोलिस घरात बसलेले. आणि गोंदोचंही चुकत नाही बरं का! पैसे दिले तर शेअर्स गेले, नोकरी गेली, घर गेलं. साधारण पहिला तासभर कॅमेरा त्या घरातच आहे आणि आपल्यालाही घाम फुटतो, कारण आपणही मनातल्या मनात तोच हिशोब मांडत असतो.

माझा हिशोब

इथे मी सिनेमा थांबवला होता. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी शाळा सुरू व्हायच्या सीझनला एका होलसेलवाल्याने शाळेच्या बुटांचा स्वस्त लॉट दाखवला. वरून चकाचक, सोल नुसता चिकटवलेला, शिलाई नाही. मी हातात घेऊन वाकवला आणि मला कळलं. तरी घेतला, कारण जोडीमागे मार्जिन जास्त होतं. पहिल्या जोराच्या पावसात सोल सुटले. जे गिऱ्हाईक परत आले त्यांना बदलून दिले. जे भांडायला आलेच नाहीत, त्यांचं काय झालं ते मी विचारलंही नाही.

माझ्या मुलीसाठी मात्र मी त्या लॉटमधला जोड घरी नेला नव्हता. ही गोष्ट मला गोंदोमुळे आठवली.

जुनी हत्यारं

शेवटी गोंदो पैसे द्यायला तयार होतो. पैशांच्या बॅगेत खुणेच्या दोन कॅप्सूल लपवायच्या असतात. बॅग पाण्यात टाकली तर वास सुटेल, जाळली तर गुलाबी धूर निघेल. त्या शिवणार कोण? गोंदो आपली चामड्याच्या कामाची जुनी हत्यारं काढतो आणि जमिनीवर बसून स्वतः शिवायला लागतो. तो कारागीर म्हणूनच वर आलेला असतो.

माझ्यासाठी सिनेमाचा खरा मुद्दा इथे आहे. खुर्ची, घर, शेअर्स सगळं हातातून जातंय आणि त्याच वेळी या माणसाला आपण कोण आहोत ते सापडतंय.

चांगलं-वाईट इतकं सोपं नाही

पोरगा सुखरूप मिळतो. पुढे पोलिसांना गुन्हेगार सापडतो, एक तरुण शिकाऊ डॉक्टर. खालच्या वस्तीतल्या कोंदट खोलीतून त्याला टेकडीवरचं ते घर रोज दिसायचं. पण कुरोसावा त्याची गरिबी सबब म्हणून वापरू देत नाही. त्याने आपल्या दोन साथीदारांनाही मारलेलं असतं. दुसरीकडे, त्याला जास्त मोठी शिक्षा व्हावी म्हणून पोलिस त्याला लगेच पकडत नाहीत, मोकळा सोडून पाळत ठेवतात, आणि त्या काळात एका नशेबाज बाईचा जीव जातो. म्हणजे चांगल्या बाजूचे हातही कोरडे नाहीत.

शेवटी तुरुंगात दोघं समोरासमोर बसतात. मध्ये काच. एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचं प्रतिबिंब पडतं. गोंदो विचारतो, आपण एकमेकांचा द्वेष केलाच पाहिजे असं तुला का वाटतं? तो म्हणतो, माहीत नाही, पण माझ्या खोलीतून तुझं घर स्वर्गासारखं दिसायचं. शटर पडतं.

आपल्यासाठी काय?

'चांगलं वागा, धंदा वाढेल' असं आम्ही ट्रेनर लोक फार सहज बोलतो. मीही बोललोय. हा सिनेमा तसं म्हणत नाही. बरेचसे पैसे परत मिळतात, पण देणेकरी थांबत नाहीत. गोंदोचं घर लिलावात जातं. चांगुलपणाचा परतावा वेळेवर येईलच असं नाही. त्याच्याकडे उरते एक छोटी बूट कंपनी, जी तो आपल्या मनासारखी चालवू शकतो.

या आठवड्याचा गृहपाठ. वहीत दोन प्रश्न लिहा:

१. माझ्या दुकानातला कोणता माल मी माझ्या घरी नेणार नाही?
२. उद्या दुकान, बोर्ड, गाडी सगळं गेलं, तर माझ्या हातात कोणतं काम उरेल?

पहिल्याचं उत्तर मी काउंटरच्या आत चिकटवलंय. शाळेचे बूट आता शिलाई बघूनच घेतो. मार्जिन कमी झालंय, खोटं कशाला बोलू! दुसऱ्याचं उत्तर अजून शोधतोय.

तुमची उत्तरं कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!