दुबार नोंदी : शोध आणि निवाडा

लग्नघरी आमंत्रणाची यादी दोघातिघांनी केली की एकाच घरी दोन पत्रिका जातात. त्याचे कोणी फारसे मनावर घेत नाही. पण दुबार समजून भलतेच नाव खोडले गेले, तर तो रुसवा पुढच्या पिढीपर्यंत पुरतो! संगणकातील माहितीसाठ्याचे, म्हणजे डेटाबेसचे, असेच आहे. दुबार ओळीमुळे हिशेब चुकतो. चुकून पुसलेल्या ओळीमुळे माणूसच यादीतून नाहीसा होतो.

वास्तविक मूळ सिद्धांतात दुबार ओळींना जागाच नाही. आय. बी. एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली ‘रिलेशनल’ पद्धत मांडली. तीत तक्ता म्हणजे गणितातला संच होय आणि संचात एकच घटक दोनदा येत नाही. पुढे या पद्धतीवर उभ्या राहिलेल्या एस. क्यू. एल. भाषेने मात्र सारख्या ओळींना मुभा ठेवली; कारण दर वेळी त्या गाळण्यात यंत्राचे श्रम खर्ची पडतात. तेव्हा ही जबाबदारी वापरणाऱ्यावर येते.

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जांचा तक्ता आपल्यापुढे आहे. माणूस कोणत्या रकान्यांवरून ओळखायचा, हे प्रथम ठरवावे : नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख. ‘ग्रुप बाय’ या आज्ञेने त्यांवरून गट पाडावेत आणि ‘हॅविंग’ वापरून एकाहून अधिक ओळी असलेले गट तेवढे मागवावेत. नुसत्या नावावर भागत नाही. ‘एस. आर. पाटील’ म्हणजे सुनील रामचंद्र असतील, तसे संजय रघुनाथही असतील. जन्मतारीख कोरी असेल तर अधिकच जपावे; ‘ग्रुप बाय’ सगळ्या कोऱ्या जागा एकसारख्याच धरते.

याच्या उलट, एकच माणूस दोन स्पेलिंगांनीही येतो. गावांचेही तेच. बेळगावचे इंग्रजीतील अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले. त्यामुळे जुन्या व नव्या नोंदींतला पत्ता जुळत नाही. अशा वेळी उच्चारावरून नावे जुळवणारी ‘साउंडेक्स’ पद्धत वापरतात. तिचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली मिळाले. तीत पहिले अक्षर तसेच ठेवतात, स्वर गाळतात आणि जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक देतात. इंग्रजी नावांसाठी ती ठीक. आपल्याकडे मात्र गंमत होते. ‘व्ही’ने लिहिलेले वाघ आणि ‘डब्ल्यू’ने लिहिलेले वाघ वेगळे पडतात, तर जोशी आणि जोग या दोघांनाही ‘जे २००’ हाच संकेत मिळतो! म्हणून यंत्राने दिलेली यादी ही संशयितांची यादी समजावी, निकाल नव्हे.

पुसण्याचे काम सर्वांत शेवटी. आधी तक्त्याची प्रत काढून ठेवावी. कोणती ओळ राखायची ते ठरवावे. सहसा सर्वांत पूर्ण भरलेली राखतात. पुसायच्या ओळीला फीच्या पावत्या जोडलेल्या असतील, तर त्या राखलेल्या ओळीकडे वळवाव्यात. मग जी अट ‘डिलीट’ला द्यायची, तीच आधी ‘सिलेक्ट’ला देऊन ओळी डोळ्यांखालून घालाव्यात व मोजाव्यात. व्यवहार, म्हणजे ‘ट्रान्झॅक्शन’, सुरू करून ओळी पुसाव्यात. आकडा जुळला तर ‘कमिट’, न जुळला तर ‘रोलबॅक’.

एवढे करून दार उघडेच ठेवले, तर पुढील वर्षी पुन्हा तोच गोंधळ. त्यासाठी प्रवेश क्रमांकासारख्या रकान्यावर ‘युनिक’ हे बंधन घालावे. मग तोच क्रमांक दुसऱ्यांदा भरताच यंत्र नकार देते. नावावर मात्र हे बंधन घालू नये. एका नावाचे दोन विद्यार्थी एकाच वर्गात असणे काही नवे नाही.

यंत्र सारखेपणा दाखवते. पण विद्यार्थी एक की दोन, हे ठरवायला मूळ अर्ज काढून पाहावा लागतो. प्रसंगी विद्यार्थ्याला बोलावून विचारावे लागते. तेवढा वेळ अवश्य द्यावा. कोणाची तरी वर्षभराची फी त्या एका ओळीवर अवलंबून असते.